गोकुळदास बिचारा काळजाने गेला

आमच्या गोकुळदास काकांना साखळीच्या स्टँडवर नावाने फारसं कोणी ओळखत नाही. 'मागे सरा'वाले म्हटलं की ओळखतात. साखळी–डिचोली–मुळगाव–अस्नोडा–म्हापसा या मार्गावर त्यांची स्वतःची मिनीबस आहे. तिच्या ड्रायव्हर सीटवरून मान न वळवता, नुसत्या आरशात बघून ते ओरडतात, "मागे सरा, मागे सरा! मागे घर बांधूंक जागा आसा!" मागे घर सोडाच, कोंबडीचं खुराडं बांधायलाही जागा नसते. पण काकांच्या आवाजात असा काही विश्वास असतो की माणसं पोटं आत घेतात आणि खरंच सरतात.

काका म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. घर आमच्या घराला लागून. मी बी.कॉम. असल्यामुळे या दोन्ही घरांत मला अर्धा डॉक्टर आणि पाव वकील समजलं जातं. कोणाचं वीजबिल जास्त आलं किंवा कोणाला जुलाब झाले की हाक येते, "गौरेश, जरा पळय रे!" मी बघतो. बघण्याला पदवी लागत नाही हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं घराणं पित्ताचं. लोकांच्या घराण्यात सुपारीचं कुळागर असतं, सोनं असतं, निदान एखादा पडलेला आमदार तरी असतो. आमच्यात पित्त आहे. आमच्याकडे मुलं परीक्षेत नापास होतात ती पित्ताने, सुना रुसतात त्या पित्ताने आणि माणसं मरतात तीही पित्ताने. पित्त लहान असेल तर कोकमाचं पाणी, मोठं असेल तर सोडा. त्यापुढचं असेल तर पांढरे कपडे.

यंदा दिवाळीनंतर काकांचं पित्त वाढलं. जिना चढले की छातीत दाटायचं. एकदा स्टेपनीचा टायर उचलताना असा घाम सुटला की जानकी काकींना वाटलं, बादली अंगावर ओतून घेतली की काय. काकांनी सोडा मागवला, मोठी ढेकर दिली आणि "गेलें पित्त" असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी पित्त परत आलं. काकी काही डॉक्टर नव्हेत, पण टायर आणि पित्त यांचा संबंध काही त्यांना लागेना.

"आज दोतोराकडे गेले नात जाल्यार हांव तुमच्याच बशीत बसून म्हापशाक वतां," काकी म्हणाल्या. "आणि थंयसून पेडण्याक, कुळारा." कुळार म्हणजे माहेर.

"तिकीट काड पूण," काका म्हणाले.

तरीही शनिवारी गेलेच. सोबत अर्धा डॉक्टर म्हणून मी.

डॉक्टर तेजस्विनीचा दवाखाना साखळीच्या बाजारात आहे. ही तेजस्विनी बारावीत असताना काकांच्याच बसने म्हापशाला क्लासला जायची आणि रोज "मागे सर गो बाय" ऐकायची. आता ती काकांना म्हणत होती, "काका, शर्ट काडा." काकांनी गोंधळून बटणं सोडली. ज्या मुलीला आपण वर्षभर आरशातून दरडावलं तिच्यासमोर बनियनवर बसायचं, हे माणसाला जडच जातं.

छातीला तारा लावून कागद काढला. तो बघत तिने विचारलं, "घरांत कोणाक हार्टाचो त्रास?"

"छे! आमचें सगळें पित्त."

"बापूय कशान गेले?"

"पित्त."

"आजो?"

"पित्त. ताचें जरा वयलें, छातीकडलें."

तेजस्विनीने पेन खाली ठेवलं. "काका, पित्तान इतकीं माणसां मरनात."

"आमचीं मरतात," काका म्हणाले, आणि त्यात चक्क अभिमान होता.

तिने कागदावरच्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि सरळ सांगितलं की हे हृदयाचंच लक्षण दिसतंय. सोमवारी सकाळी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जायचं, ती चिठ्ठी देईल. रक्त पातळ ठेवणारी गोळी आजपासून. दुसरी खिशात ठेवायची, दुखलं की जिभेखाली. आणि दुखून थांबलं नाही तर सोमवारची वाट बघत बसायचं नाही. तोवर बस अजिबात चालवायची नाही.

"पूण घराण्यांत कोणाकच ना मगे," काका म्हणाले.

"नसलं तरी जायचंच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "गौरेश, तू जरा घरच्यांक विचार. रोगाचें नांव विचारूं नाका, तें सगळीं चुकीचेंच सांगतात. माणूस कितल्या वर्सांचो आसलो, शेवटच्या दिसा कितें जालें, खंय दुखतालें आणि पयलीं कधी दुखिल्लें काय, तें विचार. काकाच्या पोरांनाही त्याचा उपयोग आहे आणि तुलाही."

"म्हाका?" मी म्हटलं.

"तूं खंयच्या घराण्यांतलो?"

मी चिठ्ठी खिशात घातली.

बाहेर आल्यावर काकांनी गाडं रस्त्यातच अडवलं. "पळय गौरेश. बस हांव सोडचो ना. आमच्या घराण्यांतलो काळजान गेल्लो एक मनीस दाखय. एकूच. मग बांबोळी. ना जाल्यार सोमाराची पयली बस हांवूच काडटलों."

आता ही शर्त लावण्यासारखी गोष्ट होती का? पण काकांनी आयुष्यात एकही निर्णय शर्त लावल्याशिवाय घेतलेला नाही. लग्नसुद्धा. मी हात पुढे केला. शर्त लागली ती काकांच्या जिवावर आणि त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या साठेक माणसांच्याही, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

रविवार उजाडला. काकांना वाटलं, हा बी.कॉम. काहीतरी घोळ घालून शर्त जिंकेल, त्यापेक्षा आपणच विचारावं. आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'सातेरी परिवार'. त्यात सकाळी फुलं, दुपारी देव आणि संध्याकाळी जमिनीवरून भांडण, असा क्रम असतो. काकांना टाईप करता येत नाही. कंडक्टर संतोषने त्यांना फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलं होतं. संतोष खानापूरकडचा, काकांच्या बसवर आठ-नऊ वर्षं दारात लोंबकळतोय.

तर काका अंगणात उभे. संतोष बस धुण्यासाठी मागे घेतोय. काका फोन तोंडाशी धरून, खास लिखाणाच्या आवाजात म्हणाले, "गोकुळदास विचारता, काळजान कोण गेला, कळवा." नेमका 'कोण'वर संतोषने हॉर्न दिला. आणि त्या फोनला आमची भाषा येत नाही. त्याला पुण्याची मराठी येते. त्याने जे ऐकलं ते इमानाने लिहिलं:

'गोकुळदास बिचारा काळजाने गेला कळवा'

चष्मा घरात. काकांनी वाचलं नाही. उलट लोकांनी लक्ष द्यावं म्हणून सोबत आपला आवडता फोटो जोडला. दसऱ्याला बसची पूजा झाल्यावर काढलेला, पांढरा सदरा, गळ्यात झेंडूची माळ, हात जोडलेले. मग फोन चार्जिंगला लावला आणि बाजारातून बांगडे आणायला गेले.

अशा रीतीने आमच्या घराण्यात काळजाने गेलेला पहिला अधिकृत माणूस म्हणजे खुद्द गोकुळदास काका.

मी आंघोळ करून फोन बघतो तर ग्रुप भरून वाहत होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. 'देव सद्गती देवो'. 'कालच म्हापशाला दिसलेले, सुटे दिले नाहीत'. 'बिचारा' शब्द सगळ्यांनाच लागला होता, सगळे तोच वापरत होते. मये येथून एकाने विचारलं, 'बस कोण घेणार?' मी घाईघाईने लिहिलं, 'काका जिवंत आहेत.' त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'आपल्या मनात.'

आधी पोचल्या विनोदिनी आते. या काकांच्या आते, म्हणजे त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण, राहणार मुळगाव, पण डिचोली तालुक्यात सगळेच त्यांना आते म्हणतात. रिक्षातून उतरल्या त्या फाटकापासूनच सूर लावून. "गोकुळाऽऽ रे! म्हज्या पयलीं गेलो रेऽऽ!"

काका लुंगीवर दारात आले. हातात चहाचा कोप.

"कोण गेलो गे आते?"

सूर अर्ध्यावर तुटला. आतेनी वरपासून खालपर्यंत बघितलं, लुंगी, पाय, पाय उलटे नाहीत ना तेही. मग हातातली छत्री अशी हाणली की कोपातला चहा आतेच्याच साडीवर.

"मेल्या! रिक्षेक भाडें दिलां हांवें!"

तोवर पेडण्याची माणसं आली. कोरगावचे दत्ताराम, काकांचे चुलतभाऊ, वीज खात्यातून निवृत्त, भरलेल्या जीपसह, सगळे पांढऱ्यात. पेडण्याची बोली वेगळी, रागही वेगळा. दत्तारामांनी काकांना बघितलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की जणू फसवणूक झाली.

"अरे, तू असस?"

"आसां."

"मगे आमी इलों कित्या?"

वर दत्तारामांनी येता येता साखळीच्या मंडपवाल्याला फोनही केला होता, घरच्यांना त्रास नको म्हणून. त्यामुळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा टेंपो आला आणि पोरांनी अंगणात ओळी लावूनही टाकल्या. आलेली माणसं बसली. जानकी काकींनी चहा आणला तेव्हा वेगळाच पेच पडला. दुखवट्याच्या घरी चहा घेत नाहीत. पण ज्याचा दुखवटा तोच ट्रे धरून उभा असेल तर?

"साखर कमी आसा," काका म्हणाले.

दत्तारामांनी घेतला.

आता तुम्हीच सांगा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, ओळीने खुर्च्या, हातात चहा, रविवारची सकाळ. अशा ठिकाणी माणसं दुसरं काय बोलणार? अमका कसा गेला, तमका कसा गेला, शेवटी कोण जवळ होतं, काय म्हणाला, काय खाल्लं. मी दोन आठवडे घरोघर फिरलो असतो तरी कोणी मला सांगितलं नसतं. "कित्या रे तुका? विमो काडटा?" म्हणाले असते. इथे सगळं आपोआप सुरू झालं. मी फक्त एक खुर्ची ओढली.

दत्तारामांनी आपल्या वडिलांपासून सुरुवात केली. बाबली आजो. "बाबांचा दातांनी झाला. जबडो दुखी. म्हापशाक गेले, एक दात काढलो. दुखाचा रवला नाय. दुसरो काढलो. तिसरो काढलो. चवथो काढूंक जावचे, त्याच्या आदल्या दिवशी गेले. दातांचा विष डोक्यात गेला."

"दात किडलेले होते?" मी विचारलं.

"खयचे! आयेन डबयेत ठेयलेत. पांढरेशुभ्र."

"वय?"

"एक्कावन."

मांद्र्याचे एक काका मुलाच्या वरातीत नाचता नाचता कोसळले होते. त्यांना नजर लागली, कारण सून गोरी होती. हे सांगणाऱ्या काकूंनी पुढे असंही सांगितलं की सुनेला नजरेचं काहीच झालं नाही, ती अजून गोरीच आहे.

आतेचा थोरला भाऊ बांधावरच्या फणसावरून शेजाऱ्याशी भांडून घरी आला, सोडा मागितला आणि सोडा येईपर्यंत संपला. "पित्त खवळिल्लें," आते म्हणाल्या. "पन्नास जावंक नासलीं. आणि तो फणस कापोसुद्धां ना, रसाळ!" कापा असता तर मरण सार्थकी लागलं असतं असा एकूण भाव.

"खंय दुखतालें ताका?" मी तेजस्विनीचं वाक्य वापरलं.

"हांगा," आते म्हणाल्या आणि तळवा छातीवर ठेवला. तिकडे दत्ताराम वडिलांचं सांगता सांगता जबड्यावरून हात खाली आणून "मगे हय धरल्यानी" म्हणत तिथेच ठेवून बसले होते. वरातवाल्या काकूंचाही हात तिथेच. अंगणात एक अख्खी ओळ छातीवर हात ठेवून बसली होती. मंत्रिमंडळाचा शपथविधी असावा तशी.

मी काकांकडे बघितलं. काका डगमगले नाहीत.

"एक दांतांचो, एक नजरेचो, एक फणसाचो," त्यांनी बोटांवर मोजलं. "काळजाचो एकूय ना. शर्त हांव जिखलों."

"आणि बायलांचें विचारचो ना तूं?" आते एकदम माझ्यावर घसरल्या. "म्हजी व्हडली भयण भांडीं घांशिताली. 'गो, पाठ भरून आयली' म्हणाली आणि बसली ती बसलीच. तिका पित्तय म्हणूंक ना कोणें. दादल्यांक पित्त, बायलांक फकत 'पुरो जालें'."

हे मला सुचलंच नव्हतं. मी पुरुषच मोजत होतो.

मग कोणीतरी काकांच्या वडिलांचा विषय काढला. पुंडलिक आजो. हा आमच्या घराण्यातला शूर मृत्यू. एरवी तो काका स्वतः सांगतात, हातवाऱ्यांसकट. आजो खाणीवरचा ट्रक चालवायचे, खनिज भरून नदीच्या धक्क्यापर्यंत. मुळगावच्या उतारावर एकदा भरलेली गाडी त्यांनी सावकाश कडेला घेतली, गियरात टाकली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागच्या ट्रकांनी हॉर्न वाजवून कान किटवले. खाली शाळा सुटली होती.

"एका भुरग्याक खरचटूंक ना," काका म्हणाले. त्यांचा आवाज या वाक्याला नेहमीच जरा जाड होतो. "पयलीं हँडब्रेक. मागीर मरण."

"अठ्ठेचाळीस वर्सांचो," आते म्हणाल्या.

मला डॉक्टरचा शेवटचा प्रश्न आठवला. "आते, त्याच्या आधी कधी दुखलं होतं त्यांना?"

हा प्रश्न बहुधा इतक्या वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. आतेनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "पयलीं? दोन-तीन फावटीं म्हज्याच दारांत ट्रक थांबयल्लो ताणें. 'टायर पळयतां' म्हणटालो. टायराक एक लाथ मारतालो आणि पायरीर येवन बसतालो. घाम पुसतालो, सोडा पितालो, वतालो. हांव म्हणटालें, कसले हे टायर, सदांच पळोवचे पडटात!"

लोक हसले. काका हसले नाहीत.

ट्रे घेऊन फिरणारा संतोष थांबला. तो मनाचा निर्मळ, त्याला कुठे काय बोलू नये ते कळत नाही. "मालक," तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात आपण पण तिथंच थांबलो होतो की. मुळगावच्या उतारावर. टायर बघायला."

"गप रे."

"दोनदा थांबलो. मी म्हटलं पण, मालक, टायर तर नवीन हायेत."

काका लुंगीची गाठ पुन्हा घट्ट करत बसले. ती सुटलेली नव्हती.

"हँडब्रेक ओडिल्लो हांवें," ते शेवटी म्हणाले. कोणाला उद्देशून, कोण जाणे.

जानकी काकी स्वयंपाकघराच्या दारात होत्या, हातात उलथनं. आत बांगडा करपत होता, तरी त्या हलल्या नाहीत. "आणि ओडूंक मेळना जाल्यार?" त्या म्हणाल्या. "फुडल्या सीटार शाळेचीं भुरगीं बसतात तुमच्या. तांकां तुमीच बसयतात, मागे गर्दी म्हणून."

काका भांडणारे गृहस्थ. बसला घासून गेलेल्या कावळ्याशीही ते भांडतात. पण काकींशी न भांडता त्यांनी संतोषला हाक मारली.

"लायसन खंय तुजें?"

"बसचं? आहे की मालक. तीन वर्षं झाली."

"म्हाका सांगूंक ना तें?"

"तुम्ही विचारलं नाही."

काकांनी लुंगीला खोचलेली बसची किल्ली काढली. संतोषच्या हातात ठेवताना हात इतका हळू पुढे गेला की मधल्यामधे माझ्या मनात दोनदा आलं, आता परत घेतात. "सोमाराची पयली तूं काड. अस्नोड्याच्या वळणार दुसरो गियर. तिसरो घालशी जाल्यार म्हाका बांबोळीर आयकूंक येतलो."

पाहुणे उठले. दत्ताराम चपला घालून, हात जोडून, मुकाट फाटकाकडे चालू लागले. दुखवट्याहून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, त्यामुळे सवयीने तेही म्हणाले नाहीत. काका मागून ओरडले, "रे दत्ताराम! 'येतां' म्हण रे! हांव जिवो आसां!" दत्ताराम फाटकातून परत आले, "येतंय" म्हणाले आणि गेले. वाटेत त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांची बुधवारी दातांच्या डॉक्टरकडे वेळ होती, कारण महिनाभर त्यांचाही जबडा चालताना दुखत होता. "आधी खय जावचा रे?" मी त्यांना जीपसकट तेजस्विनीच्या घरी पाठवलं. रविवार असूनही तिने दार उघडलं. दात सगळे शाबूत राहिले. गोळ्या सुरू झाल्या.

बांबोळीला काकांच्या दोन नळ्या जवळजवळ बंद निघाल्या. आमच्याकडे स्टेंटला स्प्रिंग म्हणतात. काकांच्या दोन स्प्रिंगा बसल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी विचारलं ते असं, की याच पैशांत बसच्या मागच्या बाजूच्या किती आल्या असत्या. काकींनी त्यांना सांगितलं की तेवढ्या स्प्रिंगा घेतल्या असत्या तर त्याच बसने त्या पेडण्याला, कुळारा गेल्या असत्या. नर्सला हे काही कळलं नाही, पण ती हसली.

तेजस्विनीने नंतर सगळ्या हकिगती माझ्याकडून ऐकल्या. दात, नजर, फणस, पाठ भरणं, टायर. ती हसली नाही फारशी. ज्यांचे बाप किंवा भाऊ पंचावन्नच्या आत किंवा आया-बहिणी पासष्टच्या आत असे गेले, त्यांनी तिशीपासूनच रक्त आणि दाब तपासत राहायचं, असं तिने बजावलं. आतेचा दाब एवढा निघाला की यंत्रच बिघडलं असं आतेचं मत पडलं. यंत्र बदललं. दाब तोच. काकांचा मुलगा रुद्रेश पुण्याला नोकरीला, त्याला काकांनी फोन करून सांगितलं, "आज रक्त दी, ना जाल्यार हांव मेलों म्हण." सगळ्या ग्रुपला एवीतेवी तसं कळवून झालंच होतं.

बस चालवण्याबद्दल डॉक्टरांनी तूर्त नाही म्हटलं. तीन-चार महिन्यांनी तपासून बघू, प्रवासी गाडीचे नियम वेगळे असतात, म्हणाले. मला वाटलं, काका घरी बसून काकींचा जीव घेतील. पण एका सोमवारी ते स्टँडवर आले आणि संतोषच्या जागी दारात उभे राहिले, कंडक्टर म्हणून. काखेत बॅग, कानावर पेन. एवढ्या वर्षांत त्यांनी मागे वळून कधी बघितलं नव्हतं. पहिल्याच फेरीत त्यांना कळलं की मागे घर बांधायला जागा नाही.

आणखी एक खोड मात्र त्यांना लागली आहे. परवा मीही बसमध्ये होतो. स्टँडवर गाडी भरत होती. एक जाडसर गृहस्थ दांड्याला धरून उभे, हातात ऑफिसची बॅग.

"एक म्हापसा," त्यांनी नोट पुढे केली.

काकांनी नोट घेतली, पण तिकीट फाडलं नाही. "बापूय आसा?"

"कोणाचो?"

"तुजो."

"ना. गेलो."

"कितल्या वर्सांचो?"

"अहो, सुटे द्या ना."

"सुटे दितां. कितल्या वर्सांचो?"

गृहस्थांनी आजूबाजूला बघितलं. सगळी बस ऐकत होती. "बावन आसतलीं."

"कितें जालें ताका?"

"भुतान, देवचारान थापट मारली म्हणटात. काजूंच्या मळ्यांत."

"थापट खंय मारली? गालार, पाठीर, का छातीर?"

गृहस्थ विचारात पडले. असं कोणी विचारलं नव्हतं त्यांना.

पुढून संतोष आरशात बघत होता. त्याने हॉर्न दिला. "मालक, सुटायचं का? मागची बस आली."

"राव रे जरा," काका ओरडले. "हाचो बापूय अजून पुरतो मरूंक ना!"